एटानरसेप्ट की अ‍ॅडालिमुमॅब? आमवाताचं इंजेक्शन निवडताना

मेथोट्रेक्सेट ही आमवाताची नेहमीची गोळी घेऊनही सांध्यांची सूज उतरली नाही की डॉक्टर बायोलॉजिकल, म्हणजे जिवंत पेशींमध्ये बनवलेल्या प्रथिनाच्या, इंजेक्शनचा विषय काढतात आणि बहुतेकदा ही दोन नावं पुढे येतात. सूज पेटती ठेवणारं टीएनएफ हे प्रथिन पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे त्याचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, भिडण्याआधीच दोन्ही औषधं त्याला अडवतात. सांध्यांपुरता दोन्हींचा गुण जवळपास सारखा. फरक पकडीत आहे, आणि माझ्या मते निवडही त्यावरूनच करावी.

टीएनएफचा रेणू तीन सारख्या तुकड्यांचा असतो. रिसेप्टर बसतो तो शेजारशेजारच्या दोन तुकड्यांमधल्या खाचेत. एटानरसेप्ट म्हणजे याच रिसेप्टरचा पेशीबाहेरचा भाग, अँटिबॉडीच्या शेपटाला जोडलेला. त्यामुळे मूळ रिसेप्टरला जे चालतं ते यालाही चालतं: लिम्फोटॉक्सिन-अल्फा या टीएनएफच्या भावंडालाही ते धरतं. अ‍ॅडालिमुमॅब ही अँटिबॉडी मात्र फक्त टीएनएफ ओळखते.

पण ज्याला दोन प्रथिनं धरता येतात त्याची पकड सैल आहे. पेशीला अजून चिकटलेल्या टीएनएफवरून एटानरसेप्ट लवकर सुटतं, अ‍ॅडालिमुमॅब घट्ट बसून राहतं. आतड्याच्या क्रोन्स आजारात एटानरसेप्ट चालत नाही आणि अ‍ॅडालिमुमॅब चालतं, त्याचं एक कारण हेच मानतात. आमवातासोबत आतड्याला किंवा डोळ्याच्या आत सूज असेल, तर मी अ‍ॅडालिमुमॅबकडेच झुकेन.

क्षयाचा विचार केला की पारडं फिरतं. शरीरात दडून बसलेल्या क्षयजंतूंना गाठींमध्ये कोंडून ठेवायला टीएनएफ लागतं. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदीत अ‍ॅडालिमुमॅबवर असलेल्यांत क्षयाचं प्रमाण एटानरसेप्टच्या तीन ते चार पट आढळलं. आपल्याकडे सुप्त क्षय इतका पसरलेला असताना ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. घरात कुणाला टीबी झाला असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना ते सांगा. औषध कोणतंही ठरो, आधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयासाठी त्वचेची मँटू किंवा रक्ताची इग्रा तपासणी झालीच पाहिजे.

एटानरसेप्ट आठवड्याला ५० मिलिग्रॅम, अ‍ॅडालिमुमॅब पंधरा दिवसांनी ४०. दोन्हींची भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी अगदी मिळतीजुळती दुसऱ्या कंपन्यांची औषधं, मिळतात. अ‍ॅडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर झायडस या कंपनीने २०१४ मध्ये इथेच आणलं. अ‍ॅडालिमुमॅबविरुद्ध शरीर अँटिबॉडी तयार करून त्याचा गुण कमी करू शकतं. मेथोट्रेक्सेटमुळे हा धोका घटतो, म्हणून सूज उतरली तरी ती गोळी स्वतःहून सोडू नका.