मुलाच्या डोक्याला मार लागला: सीटी, एमआरआय की नुसतं लक्ष ठेवायचं?

माझी लेक दोनदा डोक्यावर पडली. पहिल्यांदा तीन वर्षांची असताना, सोफ्यावरून फरशीवर. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं, रिक्षात एकदा ओकली, पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत "मला खाली सोड" म्हणून हट्ट सुरू झाला होता. दुसऱ्यांदा पाच वर्षांची असताना, घसरगुंडीच्या टोकावरून. तेव्हा मिनिटभर शुद्धीत नव्हती आणि नंतरही विचारलं एक की सांगायची भलतंच. पहिल्या वेळी आम्ही सीटी केला नाही. दुसऱ्या वेळी क्षणभरही थांबलो नाही. दोन्ही निर्णय बरोबर होते असं मला आजही वाटतं, आणि ज्यांच्यावर आज ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी आकडे. माती, हवेतला रेडॉन वायू, अवकाशातून येणारे किरण, अन्न यांतून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक) किरणोत्सर्ग मिळतच असतो. छातीचा एक एक्स-रे म्हणजे साधारण ०.०२, म्हणजे तीनेक दिवसांचा नैसर्गिक वाटा. मुलाच्या डोक्याचा सीटी साधारण २, पोटाचा ५ ते १०. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हा किरणोत्सर्ग अजिबात नसतो.

मुलांच्या बाबतीत जास्त जपायचं, कारण त्यांच्या पेशी झपाट्यानं वाढत असतात आणि पुढे आयुष्य मोठं असतं. ब्रिटनमधला २०१२चा अभ्यास सांगतो की दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांच्या डोक्याचा सीटी केला, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूतल्या गाठीचा एक रुग्ण जादा दिसेल. २०२३मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातही रक्ताच्या कर्करोगाचे जादा रुग्ण दहा हजारांत एक-दोन असेच निघाले. धोका खरा आहे, पण छोटा आहे. म्हणून गरज नसताना सीटी करू नये, आणि गरज असताना या आकड्याला घाबरून टाळू नये.

मग गरज कशी ओळखायची? अमेरिकेत ४२ हजारांहून जास्त मुलांच्या तपासणीवरून २००९मध्ये एक नियम तयार झाला, त्याला पीकार्न म्हणतात. पडलेलं मूल दोन वर्षांवरचं असेल तर डॉक्टर बघतात: शुद्ध हरपली होती का, वागणं-बोलणं बिघडलंय का, उलटी, तीव्र डोकेदुखी, कवटीच्या तळाशी मोड झाल्याच्या खुणा, आणि पडणं पाच फुटांहून उंचावरून होतं का. यातलं एकही नसेल तर सीटीची गरज नाही. हा नियम ज्या मुलांवर पडताळून पाहिला, त्यांच्यातल्या अशा एकालाही मेंदूची शस्त्रक्रिया लागली नव्हती. दोन वर्षांखालच्या बाळांची यादी वेगळी आहे. तिथे उंची तीन फूट धरतात, कपाळ सोडून इतरत्र आलेलं टेंगूळ महत्त्वाचं मानतात, आणि "बाळ नेहमीसारखं वागतंय का" या प्रश्नाला आईचं उत्तर ग्राह्य धरतात.

आमची पहिली वेळ मधली होती: एक उलटी, बाकी सगळं ठीक. अशा वेळी सीटी किंवा चार-सहा तास देखरेख, दोन्ही चालतं. डॉक्टर अनुभवी होते, आम्ही तिथेच बसलो. रात्र जड गेली हे खरं. पण पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा बसेन.

"एमआरआय करा, त्यात किरणोत्सर्ग नसतो," असा सल्ला कुणीतरी देतंच. ताज्या मारासाठी तो बहुतेकदा चुकीचा ठरतो. एमआरआयला अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहावं लागतं, म्हणून लहान मुलाला गुंगीचं औषध किंवा भूल द्यावी लागते. जिच्या शुद्धीवरच लक्ष ठेवायचं, तिलाच झोपवायचं! हाडाची मोडही त्यात नीट दिसत नाही. सीटी काही सेकंदांत रक्तस्राव आणि मोड दोन्ही दाखवतो. नंतरच्या तपासण्यांसाठी, फिट्स येत असतील तर, किंवा गाठीचा पाठपुरावा करायचा असेल तर मात्र एमआरआयच बरा.

पोटदुखीचं गणित उलटं आहे. अपेंडिक्सची शंका आली तरी पहिली तपासणी सोनोग्राफीच. तिथून उत्तर मिळालं नाही तरच पुढे जायचं. पोटाचा सीटी ठरलाच तर "साधा आणि कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून औषध देऊन केलेला), दोन्ही लागणार आहेत का?" एवढं विचारा. दोन फेऱ्या म्हणजे जवळजवळ दुप्पट मात्रा, आणि मुलांच्या पोटासाठी सहसा कॉन्ट्रास्टची एकच फेरी पुरते.

सीटीच्या खोलीबाहेर दुसरा प्रश्न: "लहान मुलांचं सेटिंग लावलंय ना?" झाल्यावर डीएलपीचा, म्हणजे त्या स्कॅनमध्ये यंत्रानं एकूण किती किरण दिले याचा, आकडा मागून घ्या, यंत्र तो नोंदवतंच. लेकीचा ४१० होता. पाच वर्षांच्या मुलासाठी डोक्याच्या डीएलपीला ०.००४नं गुणतात, म्हणजे साधारण १.६ मिलिसिव्हर्ट. हाच ४१० वर्षाच्या बाळाला पावणेतीनच्या घरात गेला असता, माझ्यासारख्या मोठ्या माणसाला ०.९च्या आत. सेटिंग विचारायचं ते यासाठी. तारीख आणि हा आकडा तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

मुलाजवळ कुणी आत थांबणार असेल तर त्यानं शिशाचा एप्रन घालायचा, आणि गरोदर बाईनं आत जायचं नाही. मला सातवा महिना होता, म्हणून तिची आजी गेली. एप्रन तिच्या घोट्यापर्यंत आला होता. नातीचा पाय धरून ती 'शुभं करोति' म्हणत होती. ते पुरं व्हायच्या आत स्कॅन झाला.