बोलत नसलेल्या मुलासाठी: रोबोसोबतचं सेशन की स्पीच थेरपिस्ट?

माझा भाचा चार वर्षांचा होता. वाक्य नाही, हाक मारली तरी वळत नव्हता. कोणीतरी रोबो-थेरपीचा (रोबोसोबत खेळत बोलायला शिकवण्याचा) व्हिडिओ पाठवला आणि घरात चर्चा सुरू झाली: नागपूर सोडून मुंबई-पुण्याला न्यायचं का?

रोबोची जमेची बाजू खरी आहे. माणसाचा चेहरा क्षणाक्षणाला बदलतो, ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या अनेक मुलांना तो झेपत नाही. नाओ हा 58 सेंटिमीटरचा रोबो मात्र दहाव्यांदाही त्याच सुरात, न कंटाळता तेच म्हणतो. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर विद्यापीठातल्या कॅस्पर या रोबोचा चेहरा तर मुद्दामच साधा ठेवलाय. माणसाकडे न बघणारं मूल बऱ्याचदा अशा रोबोकडे बघतं, त्याची नक्कलही करतं.

पण रोबोकडे बघणारं मूल आजीकडे बघेल का? माझ्या मते सगळा निर्णय इथे आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या 2018 च्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या 12 मुलांच्या घरी महिनाभर रोबो ठेवला (टेबलावरचा, माणसासारखा नव्हे), आणि रोज अर्धा तास मुलं त्याच्यासोबत खेळायची. शेजारी पालक बसायचे. मुलं मोठ्यांकडेही जास्त लक्ष देऊ लागली, पण रोबो गेल्यावर पुढच्या महिन्यात तो फायदा पूर्ण टिकला नाही.

थेरपिस्ट काय करते? बॉल हातात धरून थांबते. मुलाने नुसतं ‘बा’ म्हटलं तरी तिला ते कळतं. लहान मुलाचे अस्पष्ट उच्चार ओळखताना यंत्र अजून चुकतं. शिवाय आमच्या घरात ‘का करून राहिला?’ असं नागपुरी वळणाचं बोलतात. ते मुलाच्या कानावर माणसांकडूनच पडायला हवं.

आणि हे काम आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने चालतं. मेच्या उन्हात शहरातल्याच धरमपेठेपर्यंत जाणंही जिवावर येतं, तिथे मुंबईच्या आठशे किलोमीटरचं काय! खर्चासाठी केंद्र सरकारची निरामय योजना बघा: ऑटिझम असलेल्या मुलाला वर्षाला 1 लाखापर्यंतचा विमा, त्यात थेरपीही येते.

आम्ही थेरपिस्ट निवडली. भारतीय पुनर्वास परिषदेची (थेरपिस्टची नोंदणी ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आधी तपासली. तुमचं मूल माणसांपासून पार लांब पळत असेल आणि यंत्रात रमत असेल, तर सोबत रोबोही जरूर करून बघा. फक्त केंद्रात विचारा: रोबो कोण चालवतं, सेशनला थेरपिस्ट शेजारी बसते का, आणि शेवटची दहा मिनिटं तोच खेळ आईबाबांसोबत घेतात का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर मी पैसे भरणार नाही.