वरातीसाठी ट्युबा घेताय? आधी रिक्षात बसवून बघा

बँड चालवणाऱ्यांना, त्यातल्या त्यात नवीन पोरांना, एकच सांगणं आहे. बेस, म्हणजे बँडमध्ये खालचे सूर वाजवणारं ट्युबासारखं मोठं वाद्य, घेताना फोटोतली चकाकी बघू नका, तो अंगावर घेऊन भर उन्हात नवरदेवाच्या घोड्यामागं चालणारा माणूस बघा. आमच्या पथकानं मेरठचा तीन पिस्टनचा (सूर बदलायला दाबायच्या तीन खटक्यांचा) पितळी सुसाफोन, म्हणजे अंगावर घालून चालत वाजवायचा ट्युबा, आणलाय. लग्नाचा सीझन, गणपती, आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातली नारळी पौर्णिमेची मार्कंडेय रथयात्रा, सगळं त्याच्यावर वाजवून झालं, आता लिहायला हरकत नाही. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं येतंच.

मांडीवर घेऊन वाजवायचा सरळ ट्युबा आम्ही सगळ्यात आधी बाद केला. आवाज लई गोड, ऑर्केस्ट्रात राजा आहे तो, पण वरातीत मांडी कुठून आणायची? सुसाफोन अंगाभोवती गुंडाळला जातो, वजन खांद्यावर येतं, हात मोकळे राहतात आणि तोंड समोर. तसा ट्युबाचा जन्मही लष्करी बँडवाल्याच्याच हातचा, 1835 साली प्रशियात विप्रेख्ट नावाच्या बँडमास्तरनं मोरिट्झ या कारागिराबरोबर त्याचं पेटंट घेतलं. सुसाफोन नंतरचा, 1890 च्या दशकातला, अमेरिकेच्या जॉन फिलिप सुसा यांच्या सांगण्यावरून बनलेला. सुरुवातीला त्याचा भोंगा आभाळाकडं असायचा, तिकडं लोक त्याला ‘पाऊस झेलणारा’ म्हणायचे, पुढं भोंगा समोर वळवला. आपल्याकडं पाऊस कमी पण अक्षता भरपूर, त्यामुळं समोर वळवला हे फार बरं झालं.

आता रिक्षा. बेस घ्यायच्या आधी भोंगा सुटा होतो का ते बघाच. चांगल्या सुसाफोनचा भोंगा स्क्रूवर बसवलेला असतो, काढला की खालचं वेटोळं रिक्षाच्या मागच्या सीटवर आणि भोंगा मांडीवर. 26 इंची भोंगा मांडीवर घेतला की बसणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही, रिक्षावाला मात्र आरशातून बघून विचारतो, ‘मामा, तीन सीटचं भाडं द्यायचं बरं का’. कॅसिओची, म्हणजे विजेवरच्या कीबोर्डची, गाडी आधीच स्पीकरनं भरलेली असते, तिथं बेसला कुणी जागा देत नाही, त्यामुळं ही रिक्षाची परीक्षा पास झाल्याशिवाय पैसे देऊ नका. मंगल कार्यालयाचा जिना दुसरी परीक्षा. तिथं वळणावर भोंगा अडकला की मागं अख्खं वऱ्हाड थांबतं आणि प्रत्येक काका दिशा सांगायला लागतो, ‘डावीकडं घ्या’, ‘जरा तिरका करा’, ‘अहो फुंकू नका आता!’

सगळ्यात मोठा मुद्दा उन्हाचा, आणि दुकानदार याच्यावर एक शब्द बोलत नाहीत. मे महिन्यात सोलापूरला पारा 42-43 ला जातो. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि फुंकायच्या वाद्याचा सूर वर चढतो. ट्रम्पेटसारख्या छोट्या वाद्यातली हवा आपल्या श्वासानं लवकर एकसारखी होते पण बेसची नळी बी-फ्लॅटमध्ये जवळपास 18 फूट, तिच्यातली हवा बाहेरच्या हवेसारखीच वागते. कॅसिओचा सूर कितीही ऊन पडलं तरी हलत नाही, तो मशीनचा. मग गाणं सुरू झालं की बेस वर, कॅसिओ खाली, आणि मधल्या मधे क्लॅरोनेटवाला दोघांकडं रागानं बघतो. उपाय म्हणजे मेन ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, बाहेर ओढायची, म्हणून ती स्लाइड लांब असावी आणि हातानं सहज सरकावी. आमची सरकते आणि भर दुपारीही सूर जुळतो, या एका गोष्टीसाठी मी हा सुसाफोन परत घेईन. पितळ उन्हात तापतंही फार, त्याला घरचाच इलाज आहे, खांद्यावर सोलापुरी टॉवेलची चौपदरी घडी. रबरी पॅड घामानं घसरतं, टॉवेल घाम पितो आणि जागचा हलत नाही.

तीन पिस्टन की चार यावर पोरं तासन्‌तास भांडतात. दुसरा दाबला की अर्धा सूर खाली, पहिला दाबला की एक, तिसरा दाबला की दीड. एकेकटे ठीक, पण पहिला-तिसरा एकत्र दाबला की नळी पाहिजे तेवढी लांब होत नाही, सूर थोडा वर राहतो, तिन्ही दाबले तर आणखीच. चौथा पिस्टन त्यासाठीच असतो, अडीच सूर एकदम खाली. पण वरातीच्या गाण्यात ते अगदी खालचे सूर किती लागतात? आम्हाला तीन पुरले, चौथ्याचं वजन आणि पैसे वाचले. देशभक्तीपर कार्यक्रमात मार्च वाजवणाऱ्यांनी मात्र चारचा विचार करावा.

फायबरचा पण वाजवून बघितला. पितळी साधारण 13 ते 16 किलोपर्यंत जातो, फायबरचा त्याच्यापेक्षा बराच हलका, खांद्याला सुख. आवाज मात्र मला पातळ वाटला, ढोल सुरू झाला की हरवतो. आणि धक्का लागला तर फायबर तडकतं, पितळेला नुसता पोचा येतो, तो ठोकून काढता येतो. वरातीत नाचणारे मामा लोक भोंग्याला कोपर मारणारच हो, त्यांना कोण अडवणार, म्हणून पितळच. जपानी माल लाखात जातो, मेरठचा हजारात बसतो. मेरठच्या जाळी कोठीत पिढ्यानपिढ्या बँडची वाद्यं बनतात, नादिर अली कंपनी तर 1885 पासूनची. आमचा तिथल्याच एका छोट्या कारखान्यातला.

आता कापलेला स्टार. माउथपीस (ओठाला लावायचा तुकडा) नळीत हलत होता आणि एका जोडाचा डाख, म्हणजे झाळण, सुटलेला निघाला, इथंच करून घ्यावं लागलं. पैसे देण्याआधी हे तपासा: पिस्टन न दाबता त्याची छोटी स्लाइड बाहेर ओढा, थोडं थांबा, मग पिस्टन दाबा. ‘टप्’ असा आवाज आला तर हवा गळत नाही. आवाज आला नाही तर कितीही गोड बोलले तरी घेऊ नका.

आणि बेस धिप्पाड माणसालाच द्यायचा असं काही नसतं बरं. आमच्याकडं सगळ्यात चांगला बेस वाजवतो तो पथकातला सगळ्यात किरकोळ पोरगा, कारण तो श्वास जपून घेतो आणि मुख्य म्हणजे ताल सोडून नाचत नाही. वऱ्हाडातल्या बारक्या पोरांपासून तेवढं सांभाळा. चिवडा, फुगे, कागदी कप, दिसेल ते भोंग्यात टाकतात, अक्षतांचे दाणे तर वळणात जाऊन बसतात आणि खालच्या सुराला खुळखुळ्यासारखे वाजतात. कार्यक्रम संपला की भोंगा काढून झटकायचा, अधूनमधून कोमट पाण्यानं धुऊन लांब ब्रश फिरवायचा, पिस्टनला तेल. भोंग्याला इलॅस्टिकचं पातळ कापडी कव्हर शिवून घ्या, आवाज फारसा दबत नाही, चिवडा बाहेर राहतो आणि वर पथकाचं नाव, फोन नंबर मोठ्या अक्षरात घालता येतो. आमच्या दोन सुपाऱ्या त्या कव्हरवरूनच आल्यात.