घरावर सोलर बसवून सहा वर्षं झाली, परवडलं का?

नोव्हेंबर २०१९ ला जळगावच्या घरावर सोलर बसवलं, त्याला आता सहा वर्षं होऊन गेली. तेव्हापासून लग्नात, दवाखान्यात, भाजी घेताना, कुठेही ओळखीचं कोणी भेटलं की पहिला प्रश्न हाच, पैसे वसूल झाले का? झाले. पण सोलरवाल्याने चार वर्षं सांगितली होती आणि लागली साडेपाच, आणि मधली दीड वर्षं कुठे गेली ते मला आता नीट माहितीये म्हणून सविस्तर लिहितोय, नवीन बसवणाऱ्यांचं तरी नुकसान वाचावं.

आधी काय बसवलंय ते सांगतो. ३३० वॅटची १० पॅनल, म्हणजे ३.३ किलोवॅट, ती जुनी निळी पॉलीवाली. ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नाही. तेव्हा १ लाख ७५ हजार लागले, सबसिडीच्या मागे लागलो नाही, आणि वरचे १८ हजार गेले ते आईमुळे. आईची अट होती की गच्ची अडवायची नाही. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर बिबडे, कुरडया, पापड, सांडगे असं सगळं वाळत पडतं आणि सोलरवाला तर दोन फुटांच्या स्टँडवर पॅनल आडवी टाकून गच्ची संपवायला निघाला होता. मग आठ फूट उंच लोखंडी स्ट्रक्चर करून घेतलं. तेव्हा मला हा खर्च जड गेला होता, आज म्हणेन की सगळ्यात चांगला खर्च तोच. आई पॅनलच्या सावलीत पाट टाकून बसते, सोऱ्यात गव्हाचा चीक भरते आणि कुरडई घालायला फक्त उन्हात हात लांब करते, ४४ डिग्रीत डोक्यावर ऊन नाही. खालची खोलीही थंड झाली, आधी रात्री अकरापर्यंत स्लॅब गरम लागायचा, आता पॅनलखालच्या भागात तसं होत नाही. पॅनलच्या खालून हात घालून सफाई करता येते, कबुतरांनी घरटं केलं तर दिसतं. जागा असेल तर उंच स्ट्रक्चरच करा, फक्त वाऱ्याचा विचार करून बेस पक्का करून घ्या, मे-जूनच्या वावटळीत आमच्याकडे पत्रे उडतात.

आता आकडे. हे अंदाजपंचे नाहीत, कारण अप्पा रोज संध्याकाळी सोलरच्या इन्व्हर्टरवरचा (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) दिवसाचा आकडा कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलने लिहितात, सहा वर्षांची कॅलेंडरं कपाटात गुंडाळून ठेवलीत. पहिल्या पूर्ण वर्षात साडेचार हजार युनिटच्या थोडं आत तयार झाले. मार्च-एप्रिलला महिन्याला ४५० च्या आसपास, जुलै-ऑगस्टला २५०-२६५, डिसेंबरला ३७५. लोकांना वाटतं जळगावचं ऊन म्हणजे मे महिन्यात मीटर पळत असेल, पण तसं होत नाही. पॅनलला उजेड लागतो, उष्णता नाही, तापलं की उलट त्याची ताकद कमी होते, साधारण एका डिग्रीला ०.४ टक्के, आणि आमच्याकडे दुपारी पॅनलला हात लावला तर भाजतो. म्हणून आमचे सगळ्यात चांगले दिवस मार्चमधले असतात, हवा स्वच्छ, ऊन कडक पण पॅनल अजून भट्टी झालेलं नाही असे. आता सहाव्या वर्षी वर्षाचा आकडा ४३०० च्या जवळ आलाय, म्हणजे घट आहे पण घाबरण्यासारखी नाही, पॅनल जुनं होतं तसं एवढं कमी होतंच.

पैशाचं बघायला गेलं तर आधी वर्षाचं बिल ३८-३९ हजार यायचं, त्यातही एप्रिल-मे दोन महिने साडेपाच हजाराच्या वर, कूलर आणि एक एसी. सोलरनंतर वर्षाचं सगळं मिळून चारेक हजार. स्थिर आकार तर वापर शून्य असला तरी येतोच, त्यामुळे बिल झिरो होईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वर्षाला ३५ हजार वाचतात असं धरा. यात एक गोष्ट लक्षात आली ती अशी की सोलरमुळे सगळ्यात महाग युनिट आधी कापले जातात. आपल्याकडे १०० पर्यंत स्वस्त, मग ३०० पर्यंत महाग, त्याच्यावर आणखी महाग, तर सोलर वरून खाली खात येतं आणि शिल्लक राहतात ते स्वस्तातले ५०-१०० युनिट. म्हणून ज्यांचा वापरच महिन्याला ८०-१०० युनिट आहे, दोघंच म्हातारी माणसं, पंखा-टीव्ही-फ्रीज, त्यांना मी सरळ सांगतो की घाई करू नका, तुमचे पैसे निघायला फार वर्षं लागतील. अडीचशे-तीनशेच्या वर वापर असेल तर मात्र डोळे झाकून करा.

आता मुख्य मुद्दा, जो मला बसवताना कोणीच सांगितला नाही आणि तीन वर्षं कळलाही नाही. नेट मीटरमध्ये आपण जास्तीची वीज वीज कंपनीला देतो ती पुढच्या महिन्यात वजा होते, बरोबर. पण हा हिशोब एप्रिल ते मार्च असतो, ३१ मार्चला खातं बंद. उरलेले युनिट पुढच्या वर्षी येत नाहीत, त्याचे पैसे मिळतात पण आपण ज्या भावाने वीज घेतो त्याच्या निम्मेही नाहीत. आता आमच्या घराचं चित्र बघा. एप्रिल-मेला वापर ५५० आणि तयार होतात ४५०, जून ते ऑगस्ट ढग म्हणून कमीच पडतात, म्हणजे पहिले पाच महिने आम्ही पैसे भरतो. ऑक्टोबरपासून कूलर-एसी बंद, आभाळ स्वच्छ, डिसेंबर-जानेवारीत दर महिन्याला १३०-१५० युनिट शिल्लक पडतात, असं करत मार्चअखेर साडेसहाशे युनिट जमा होतात. आणि ऐन उन्हाळा तोंडावर आला की खातं शून्य! परत एप्रिलपासून भरा. ज्या युनिटची एप्रिलमध्ये गरज होती ते ३१ मार्चला कवडीमोलाने गेले. तीन वर्षं असं चाललं, अप्पांच्या कॅलेंडरवरून बेरीज करताना हे लक्षात आलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

तेव्हापासून आम्ही वापराची पद्धत बदलली. डिसेंबर ते मार्च गॅस गीझर बंद, इलेक्ट्रिक गीझर चालू. चहा, दूध, कुकर इंडक्शनवर. २०२३ ला मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली ती याच हिशोबाने, तिला दिवसाला दीड-दोन युनिट पुरतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बिल बघायचं, जमा किती आहेत ते बघायचं आणि महिनाभर ते संपवायचे. सिलिंडर वर्षाला दोन-अडीच कमी लागतात आता. आणि नवीन घेणाऱ्याने साइज ठरवतानाच हे बघा, वर्षाच्या एकूण वापराएवढं सोलर बसवायच्या मागे लागू नका, सोलरवाला तर चार किलोवॅटच्या जागी पाच सांगणारच. वर्षभराची बारा बिलं घेऊन बसा, एकेक महिना मांडून बघा.

बिघाड आणि मनस्तापाचं सांगतो. चौथ्या वर्षी, सप्टेंबरमध्ये, इन्व्हर्टर बंद पडला. लाल लाइट, काहीच नाही. ज्याने बसवून दिलं होतं त्याला फोन लावला तर नंबर बंद, दुकानाच्या जागी मोबाइल कव्हरवाला बसलेला. तो माणूस धंदाच सोडून गेला होता, आणि पाच वर्षं फ्री मेंटेनन्स असं त्याने छापील कागदावर लिहून दिलेलं होतं. वॉरंटी कंपनीची होती म्हणून शेवटी इन्व्हर्टर बदलून मिळाला पण त्यासाठी बिल, सीरियल नंबर, बसवल्याच्या तारखेचा दाखला असं सगळं मलाच शोधावं लागलं, ते नशिबाने अप्पांच्या फाइलमध्ये निघालं, आणि २३ दिवस गेले. २३ दिवस म्हणजे अडीचशे युनिट. म्हणून सांगतो, कागद पहिल्या दिवशीच स्वतःच्या ताब्यात घ्या. पॅनलच्या मागच्या स्टिकरचे फोटो काढून ठेवा, प्रत्येक पॅनलचा नंबर वेगळा असतो. २५ वर्षांची वॉरंटी पॅनलला असते, इन्व्हर्टरला बऱ्याचदा पाचच वर्षं, आणि बंद पडणारी वस्तू इन्व्हर्टरच आहे.

दुसरा त्रास सावलीचा. २०२२ ला आमच्या नैर्ऋत्येला शेजाऱ्यांनी वरचा मजला चढवला आणि त्यावर पाण्याची टाकी. त्यांची चूक काही नाही, त्यांचं घर आहे. पण हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा साडेतीननंतर टाकीची सावली दोन पॅनलवर यायला लागली. मला वाटलं दोनच तर आहेत, दहातले आठ चालतील. पण पॅनल एकाला एक जोडलेली असतात, एकावर सावली आली की सगळ्या माळेवर परिणाम होतो. अप्पांच्या आकड्यात रोजचे दीड-दोन युनिट कमी दिसायला लागले म्हणून शोध घेतला, नाहीतर कळलंही नसतं. सहा हजार देऊन ती दोन पॅनल पूर्वेकडच्या टोकाला हलवली. बसवताना आज मोकळं आहे एवढंच बघू नका, शेजारच्या घरावर उद्या मजला चढू शकतो का तेही बघा.

लाइट गेली की सोलर बंद, हे पण अजून लोकांना पटत नाही. गल्लीत अंधार झाला की शेजारच्या काकू हाक मारतात, तुमच्याकडे असेल ना रे. नसते काकू. ग्रिड नसेल तर ऑनग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरची वीज लागून जीव जाईल. भर दुपारी बारा वाजता कडक ऊन आणि घरात पंखा बंद, असं होतं. आम्ही जुना बॅटरीचा इन्व्हर्टर ठेवलाय तोच तेव्हा कामाला येतो. उलटाही प्रकार होतो, लाइट असते पण व्होल्टेज जास्त चढतं, हिवाळ्यात दुपारी गल्लीत वापर कमी असला की आमच्याकडे २६० च्या वर जायचं आणि सोलर ट्रिप व्हायचं, दहा मिनिटांनी चालू, परत ट्रिप. वायरमनने डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, व्होल्टेज कमी करायला टॅप बदलून दिल्यावर ते थांबलं. तुमचं सोलर ऊन असताना मधेच थांबत असेल तर पॅनलला दोष देण्याआधी व्होल्टेज बघा.

सफाईबद्दल लोक आळस करतात. आमच्याकडे धूळ भरपूर, मार्चमध्ये एकदा दीड महिना धुतलं नव्हतं, दिवसाला १३ युनिट येत होते, धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी साडेचौदा. म्हणजे दहा टक्के नुसती धूळ खात होती. पहाटे सहाला धुवायचं, तापलेल्या काचेवर थंड पाणी अजिबात टाकायचं नाही. बोअरचं पाणी वापरू नका, आमचं फार क्षाराचं आहे, पहिल्या वर्षी त्याचे पांढरे डाग काचेवर बसले ते अजून दोन पॅनलच्या खालच्या कडेला आहेत, काही केल्या निघत नाहीत. आता नळाचं पाणी बादलीने वर नेतो, मऊ पोछा, काठीला बांधून, आणि शेवटी वायपर. अर्ध्या तासाचं काम आहे, मुलगा आणि मी रविवारी करतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पण पाणी टाका, ते सगळेच विसरतात.

आज बसवायचं तर गणित आमच्यापेक्षा चांगलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली त्यात एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तला ७८ हजार सबसिडी आहे. माझ्या बहिणीने धुळ्याला तीन किलोवॅट त्याच योजनेत केलं, पैसे थेट तिच्या खात्यात आले. पॅनलही आता मोठी, ५४० वॅटची सहा लावली की झाले तीन किलोवॅट, गच्चीही कमी अडते. सबसिडीसाठी भारतात बनवलेल्या सोलर सेलचं पॅनल लागतं, कोटेशनवर ते लिहून घ्या. आणि सबसिडी वजा करून सांगितलेल्या किमतीवर भुलू नका, पूर्ण किंमत विचारा, स्ट्रक्चर, वायर, अर्थिंग, नेट मीटरची फी सगळं धरून. बहिणीला पहिल्या कोटेशनमध्ये अर्थिंगचे तीन खड्डे धरलेच नव्हते, एसी लाइन, डीसी लाइन आणि आकाशातली वीज अडवणारा वीजरोधक यांना वेगवेगळे लागतात.

आमचा बदलून मिळालेला इन्व्हर्टर आता वॉरंटीच्या बाहेर गेलाय. वर्षाचे जे ३५ हजार वाचतात त्यातले पाच हजार मी या वर्षीपासून पोस्टात वेगळे टाकायला सुरुवात केलीये, कधी ना कधी तो जाणार, तेव्हा एकदम ३०-३५ हजार काढायला नकोत. काल कॅलेंडरवर आकडा १२.४ होता, आभाळ जरा आलेलं होतं.