पिकोलित: सहा छोट्या बाटल्या, आठ महिने

मुलगी इटलीत उदिनेला शिकते. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं तिच्याकडं गेलो होतो, तेव्हा ती चिविदालेजवळच्या टेकड्यांवर एका कुटुंबाच्या द्राक्षबागेत घेऊन गेली. तिथून पिकोलित या गोड वाइनच्या ३७५ मिलीच्या सहा बाटल्या आणल्या, ३५ युरोला एक. विमानानं येताना माणशी २ लिटरची मुभा असते, त्यात सहज बसल्या. आता चार संपल्या, एक माझ्या हातून नासली, एक शिल्लक आहे.

माझं माहेर तासगावचं, द्राक्षात वाढले. त्यामुळं वाइनच्या आधी मी घड बघितला. मालकीणबाईंनी हातावर ठेवला तो घड मोकळा, विरळ, मोजून सतरा मणी. पिकोलित हे या द्राक्षाच्या जातीचंही नाव. तिचं फूल दिसायला पूर्ण, पण परागकण वांझ. शेजारच्या दुसऱ्या जातींचा पराग लागला तरच मणी धरतात, बाकीची फुलं गळून जातात. दादाला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन, "अगं, आमच्याकडं असला घड लागला तर वेलच उपटून टाकतील!" खरंच आहे. आमच्याकडं विरळणी करूनसुद्धा घडाला शंभरेक मणी राखतात.

तरी या जातीला मान जुना आहे. अठराव्या शतकात फाबियो आस्क्विनी नावाच्या सरदारानं तिची वाइन मुरानोच्या काचेच्या छोट्या बाटल्यांत भरून युरोपातल्या राजदरबारांत पाठवली. पुढं वेल जवळजवळ नाहीसा झाला होता. त्याच भागातल्या रोक्का बर्नार्दाच्या पेरुसिनी घराण्यानं तो जपला. २००६ साली तिथल्या पिकोलितला इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला.

त्या द्राक्षबागेतल्या कुटुंबानं माळ्यावर घड सुकत घातले होते. बेदाण्याचं शेड आठवलं, पण आमच्याकडं डिपिंग ऑइल आणि कार्बोनेटमध्ये बुडवून पंधरा दिवसांत बेदाणा तयार करतात. तिथं काहीच लावत नाहीत. गार वाऱ्यावर कित्येक आठवडे नुसते मलूल होऊ देतात आणि मग पिळतात. आधीच मणी थोडे, त्यातला रसही आटलेला. किंमत का लागते ते तिथंच कळलं.

चव सांगायची तर, जर्दाळू रात्री भिजत घातले की सकाळी वाटीतून जो वास येतो, तो आधी येतो. मागून मध. घोट गोड, पण काकवीसारखा जिभेला चिकटून राहत नाही. लगेच आंबटपणा येऊन तोंड स्वच्छ करतो आणि शेवटी कडू बदामाची बारीकशी चव मागं राहते. मला याचंच कौतुक वाटतं. गोड वाइन म्हणजे साखरपाणी, असं मी आयुष्यभर समजत होते. लेबलवर १४ टक्के अल्कोहोल आहे, तेव्हा सरबतासारखी पिऊ नये. एकाला ५० मिली पुरते.

कशाबरोबर घ्यायची, हे शिकण्यात दोन बाटल्या गेल्या. दिवाळीत करंजी-चिरोट्यांबरोबर दिली, वाइन पार पाणचट लागली. होळीला पुरणपोळीबरोबर तेच झालं. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की ती आंबट पाणी होते. तांबड्या रश्श्यानंतर तर तास-दीड तास थांबावंच, तोवर जिभेला काही कळत नाही. जमलं ते चंदगडच्या खारवलेल्या काजूंबरोबर. मुलीनं आणलेल्या निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर तर फारच छान. पण सगळ्यात जास्त आवडली ती नुसतीच, फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवून. एकदम गार असली की वासच येत नाही.

नासली ती बाटली मी स्वयंपाकघरातल्या कपाटात उभी ठेवली होती, गॅसच्या वरच्या बाजूला. एप्रिल-मेचा उन्हाळा त्यात गेला. जूनमध्ये बघते तर बूच वर सरकलेलं, मानेला चिकट ओघळ. वाइन सोनेरीची तपकिरी झाली होती आणि वास जळक्या साखरेचा. फार वाईट वाटलं. कोल्हापुरात ठेवायची तर फ्रिजमध्येच, आडवी. उघडलेली मात्र बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन आठवडे चांगली राहते, तिसऱ्यात वास उतरतो.

पुढच्या खेपेला मुलगी येताना दोन आणायला सांगितल्यात, सहा नाही. शिल्लक राहिलेली एक भाज्यांच्या कप्प्यात आडवी आहे. दादाची ऑक्टोबर छाटणी उरकली की तो येईल, तेव्हा त्याच्यासमोर उघडणार. त्या सतरा मण्यांचं काय होतं, ते त्याला चाखवायचं आहे.