स्मार्ट लॉकचे सेल सारखे संपतात? ‘बोर्ड गेलंय’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

दाराच्या स्मार्ट लॉकचे सेल पटापट संपायला लागले आणि कोणी ‘बोर्ड शॉर्ट झालंय, बदलावं लागेल’ म्हणालं, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मी ते बोर्ड, म्हणजे लॉकमधली इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी, बदलण्याचे पैसे मोजले. बोर्ड बदललंच गेलं नाही. बिघाड बोर्डात नव्हताच, दारात होता, आणि तो स्क्रूड्रायव्हर आणि कानस यांवर दुरुस्त झाला.

आमचं लॉक चार एए सेलवर चालतं. सुरुवातीला चांगले अल्कलाइन सेल घातले की कित्येक महिने तिकडे बघावं लागत नसे. मग ही मुदत आटत गेली आणि शेवटी महिनाही निघेना. सकाळी अ‍ॅपवर बॅटरी अर्ध्याहून जास्त दिसायची आणि संध्याकाळी दार लावताना लाल दिवा लुकलुकायचा. म्हणून मी कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ असं टाकून नंबर शोधला आणि सगळ्यात वर दिसलेला नंबर फिरवला. तो कंपनीचा नव्हता. जाहिरातीचे पैसे मोजले की शोधात कोणालाही वर येता येतं, आणि कंपनीच्या नावाने नकाशावर नोंद करून खाली स्वतःचा नंबर टाकणारेही आहेत. खरा नंबर वॉरंटी कार्डावर, खोक्यावर किंवा लॉकच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये मिळतो. तिथूनच घ्या.

आलेल्या माणसाच्या टी-शर्टवर कंपनीचं चिन्ह होतं, गळ्यात ओळखपत्र होतं, बोलणं अत्यंत अदबीचं. त्याने आतल्या बाजूचं सेलचं झाकण काढलं, मल्टिमीटरच्या वायरी सेलच्या दोन टोकांना लावल्या आणि आकडा माझ्यापुढे धरला. ‘हे बघा मॅडम, सहा व्होल्ट पाहिजेत, पाच पॉइंट एकच येतायत. बोर्ड करंट खातंय.’ ऐकायला अगदी पटण्यासारखं. पण त्या आकड्यातून बोर्डाबद्दल काहीही कळत नाही. चार सेलचे मिळून ५.१ व्होल्ट म्हणजे एका सेलला साधारण १.२७, म्हणजे सेल बरेच वापरून झालेत, इतकंच. ते कशामुळे झाले हे त्यात कुठेच नाही.

बोर्ड खरंच करंट खातंय का हे बघायचं, तर मीटर सेलच्या वाटेत मध्ये जोडून, लॉक शांत असताना किती करंट वाहतो ते मोजावं लागतं. नुसत्या ब्लूटूथवर चालणारं चांगलं लॉक झोपेत असताना मायक्रोअँपिअरमध्ये (मिलिअँपिअरच्या हजाराव्या भागांत) करंट घेतं. तिथे सतत पाच मिलिअँपिअर जात असतील तर मात्र गडबड आहे. अल्कलाइन एए सेलची क्षमता २५०० मिलिअँपिअर-तास धरली तर तो ५०० तासांत, म्हणजे तीन आठवड्यांत रिकामा होईल. (वायफायच्या लॉकचा आकडा मुळातच जास्त असतो आणि खालीवर होतो.) हे मोजमाप त्याने केलंच नाही. मीटर मात्र दोनदा दाखवला.

मग त्याने लॉकचं मूळ बिल मागितलं. मी ते आणायला आत गेले आणि परत आले तोवर ‘काम’ झालं होतं. त्याच्या तळहातावर एक हिरवं बोर्ड होतं, एका कोपऱ्यात काळं पडलेलं. हेच तुमचं, म्हणाला. ते ठेवून द्या म्हटलं तर ‘कंपनीत जमा करावं लागतं’. नवं बोर्ड सेट करायला मास्टर कोड (बाकीचे कोड घालायचा-काढायचा मुख्य कोड) हवा म्हणाला, तोही घेतला. त्यावर ‘डिजिटल लॉक स्पेशल’ असे चार चकचकीत सेल घातले. सगळं मिळून नव्या लॉकच्या निम्म्याहून जास्त पैसे झाले आणि ते कंपनीच्या नाही, एका माणसाच्या खात्यावर गेले. ईमेलने येणारी पावती आजतागायत आलेली नाही.

ते स्पेशल सेल आधीच्यांपेक्षाही लवकर गेले. त्याचा फोन लागेना. तेव्हा वॉरंटी कार्डावरच्या नंबरवर बोलले. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: बोर्ड बदलल्यावर लॉक अ‍ॅपला नव्याने जोडलं होतं का, की जुनेच कोड चालू आहेत? जुनेच चालू होते. आमच्या मॉडेलमध्ये कोड आणि अ‍ॅपची जोडणी मुख्य बोर्डाच्या मेमरीत असते. बोर्ड बदललं की सगळं कोरं, पहिल्यापासून जोडावं लागतं. त्यांच्या सांगण्यावरून सेलच्या कप्प्याखालचे स्क्रू टॉर्च लावून पाहिले. आमच्या लॉकच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर कारखान्यातला लाल रंगाचा ठिपका असतो, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा प्लास्टिकवर. स्क्रू जरा फिरवला तरी तो तुटतो. सगळे ठिपके सलग होते. लॉक उघडलंच गेलं नव्हतं. ते जळकं बोर्ड त्याने पिशवीतूनच आणलं होतं.

आणि ते स्पेशल सेल? वरचा चांदीच्या रंगाचा कागद नखाने सोलला तर खाली साध्या सेलचं वेष्टन निघालं आणि त्यावर बारीक अक्षरांत आर६. हे अक्षर ओळखायला शिका, फार उपयोगाचं आहे. एलआर६ म्हणजे अल्कलाइन, नुसतं आर६ म्हणजे जुन्या पद्धतीचा झिंक-कार्बन, एचआर६ म्हणजे रिचार्जेबल निकेल, एफआर६ म्हणजे लिथियम. झिंक-कार्बन सेल घड्याळाला, रिमोटला ठीक. लॉकची मोटर एका झटक्यात जास्त करंट ओढते, तेव्हा त्याचा व्होल्टेज कोसळतो आणि लॉकला वाटतं सेल संपले. रिचार्जेबल सेल मुळात १.२ व्होल्टचा, त्यामुळे टक्के चुकीचे दिसतात. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम पडतो, म्हणजे इशारा मिळेपर्यंत दार बंद. तुमच्या लॉकच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिला असेल तोच घाला, चारही एकाच वेळी बदला, जुने-नवे मिसळू नका.

खरं कारण त्या बाईंनी फोनवरच शोधून दिलं. दार उघडं ठेवून बोल्ट (चौकटीत शिरणारी लॉकची दांडी) बाहेर काढायला लावला. मोटरचा आवाज छोटा आणि एकसारखा आला. मग दार बंद करून तेच. या वेळी आवाज लांबला, घरघरला, थांबला आणि मोटरने पुन्हा जोर लावला. म्हणजे बोल्ट चौकटीतल्या पट्टीवर अडत होता. प्रत्येक वेळी मोटर अडखळत होती, आणि अडलेली मोटर मोकळ्या मोटरच्या कितीतरी पट करंट ओढते. बोल्टच्या टोकाला मार्करची शाई लावून दार लावलं तेव्हा पट्टीच्या भोकाच्या खालच्या काठावर काळा डाग उमटला. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होऊन दार खाली झुकलं होतं. ते आवळले, भोकाचा खालचा काठ कानशीने थोडा घासला आणि भोक आत पुरेसं खोल आहे ना तेही पाहिलं, कारण बोल्ट पूर्ण बाहेर येऊन तळाला टेकत असेल तरी मोटर तशीच अडते. त्यानंतर बंद दारातही आवाज उघड्या दारासारखाच येऊ लागला.

दार ठीक असेल तर मग बाकीचं तपासा. वायफायचं लॉक राउटरपासून लांब असेल तर जोडणी तुटते आणि लॉक ती पुन्हा पुन्हा शोधत बसतं. दर थोड्या वेळाने लॉकची खबर विचारणारी घरातली दुसरी यंत्रणा त्याला झोपू देत नाही. समोरून जाणाऱ्या प्रत्येकासाठी जागा होणारा कॅमेरा किंवा सेन्सर असेल तर त्याची संवेदनशीलता कमी करा. सेलच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर ती साफ करा. बोर्डाचा नंबर या सगळ्यानंतर लागतो, आणि तेव्हाही वॉरंटी असेल तर ते कंपनीकडूनच बदलून घ्या. दुसऱ्या कोणी लॉक उघडलं तर वॉरंटी जाऊ शकते.

ज्या माणसाने उघड्या आणि बंद दारात बोल्ट चालवून बघितला नाही, त्याला बोर्डाचं काही कळलेलं नाही किंवा तो खोटं बोलतोय. काम चालू असताना दारापासून हलू नका. काढलेला जुना भाग स्वतःकडे ठेवा. तो माणूस द्यायला तयार नसेल तर पैसेही देऊ नका.

पैशांपेक्षा मला हादरवलं ते वेगळंच. कंपनीच्या बाईंनी वापरणाऱ्यांची यादी उघडायला सांगितली, तर घरच्यांच्या नावांखाली एक बिननावाचा कोड होता, तो माणूस आला त्याच दिवशी जोडलेला. मास्टर कोड त्यासाठीच हवा होता. पोलिसांत तक्रार केली, यादीचा फोटो जोडला. तुम्हीही कुणा दुरुस्तीवाल्याला कोड दिला असेल तर आज यादी उघडून बघा: कोड, बोटांचे ठसे, कार्ड, आणि अ‍ॅपमध्ये कोणाला प्रवेश दिलाय ते, सगळं. अनोळखी नोंदीचा आधी फोटो काढा, मग ती पुसा. त्यानंतर लॉक फॅक्टरी रीसेट करून नव्या मास्टर कोडने पहिल्यापासून जोडा, कारण मास्टर कोड तोच राहिला तर पुसलेली नोंद तो पुन्हा घालू शकतो.