पॅरिस-झुरिक तिकीट आणि स्विस पास : एजंटने कुठे कुठे हात मारला

पॅरिसहून झुरिकला जायची आमची तिकिटं आम्ही मुंबईतून विमानात बसण्याआधीच रद्द झालेली होती. रद्द केली आमच्याच एजंटने, आणि परताव्याचे पैसेही गेले त्याच्याच कार्डावर. आम्हाला ते कळलं पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकात, फलाटाच्या फाटकापाशी. पाच जणांचं सामान, कंटाळलेली दोन पोरं, सासूबाईंचे दुखरे गुडघे, आणि स्कॅनरवर दर वेळी लाल दिवा.

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. एजंट आमच्याच भागातला, ओळखीतून आलेला, तिरुपती-रामेश्वरच्या सहली काढणारा आणि हल्ली युरोपचीही कामं घेणारा. नाव लिहीत नाही, तक्रार दाखल आहे. हॉटेलं, पॅरिस-झुरिक गाडी आणि पुढचे स्विस पास (स्वित्झर्लंडमधल्या गाड्या-बोटींना चालणारे पास) मिळून त्याने एक ठोक आकडा सांगितला. प्रत्येक गोष्टीचा वेगळा हिशेब मागितला तर उत्तर ठरलेलं, "ताई, सगळं त्यात आलं. तुम्ही फक्त बॅगा भरा." त्याने जे जे खाल्लं, ते सगळं त्या एका आकड्याच्या पोटात दडलेलं होतं. आम्हाला एकेक करून सापडत गेलं.

आधी ते रद्द तिकीट. पॅरिस-झुरिक ही टीजीव्ही लिरिया गाडी, साधारण चार तासांचा प्रवास, प्रत्येकाला ठरलेलं आसन. तिकीट म्हणजे स्कॅन करायचा कोड असलेली पीडीएफ. आमच्या पीडीएफवर नावं बरोबर होती, डबा होता, आसन क्रमांक होते. नवऱ्याने ती नीट तपासूनही पाहिली होती. पण तिकीट रद्द केलं तरी आपल्या फोनमधली पीडीएफ जशीच्या तशी राहते. तिच्यावर शिक्का उमटत नाही की ती पुसली जात नाही. एजंटने परतावा मिळणारं तिकीट काढलं, आरक्षणात स्वतःचा ईमेल आणि मोबाइल दिला, पीडीएफ आम्हाला पाठवली आणि नंतर ते रद्द केलं. रद्द झाल्याचा निरोप अर्थातच त्याच्याच ईमेलवर गेला.

फाटकावरच्या मुलीने तिच्या हातातल्या यंत्रावर आमचा कोड पुन्हा वाचला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. रद्द केल्याची तारीख, त्याखाली परतावा दिल्याची नोंद. नवऱ्याने तिची परवानगी घेऊन त्याचा फोटो काढला. पुढे पोलीस ठाण्यात कामाला आला तो हाच एक फोटो. ती गाडी आमच्या डोळ्यांदेखत गेली. दुपारच्या गाडीत ऐनवेळच्या भाड्याने पाच आसनं घेतली. त्या पैशांत घरून निघतानाची सगळी बचत वाहून गेली.

आपल्याकडे गाडी असली की आपण दहा वेळा पीएनआर तपासतो. इथेही तेच करायचं असतं. तिकिटावर सहा अक्षरांचा आरक्षण क्रमांक असतो. फ्रेंच रेल्वेच्या, म्हणजे एसएनसीएफच्या, संकेतस्थळावर किंवा अॅपवर तो क्रमांक आणि प्रवाशाचं आडनाव टाकलं की तिकीट जिवंत आहे की नाही ते दिसतं. पैसे देताना तपासा, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा. आरक्षणात ईमेल आपलाच घालायला लावा. एजंट "सिस्टिम घेत नाही" म्हणाला तर समजून जा. सिस्टिम कुणाचाही ईमेल घेते.

स्वित्झर्लंडमध्ये पास मात्र खरे निघाले. तिथे त्याने वेगळाच हात मारला. मुलं बारा आणि नऊ वर्षांची. त्यांच्यासाठी त्याने "हाफ पास" लावला होता, म्हणजे मोठ्यांच्या पासाच्या निम्मे पैसे. त्या वर्षी दुसऱ्या वर्गाचा सलग चार दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास २९५ फ्रँकचा होता, त्यामुळे दोन मुलांचे मिळून एका पूर्ण पासाचे पैसे त्याने आमच्याकडून काढले. ल्युसर्नला बोटीबद्दल विचारायला काउंटरवर गेले, तेव्हा तिथल्या बाईंनी मुलांचे कोड पाहिले आणि म्हणाल्या, हे तर फॅमिली कार्ड, मुलांना फुकट. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या सोबतच्या आईकडे किंवा वडिलांकडे पास असेल तर मुलांना स्विस फॅमिली कार्ड विनामूल्य मिळतं. सहाच्या आतल्या मुलांना तर त्याचीही गरज नाही. एजंटने आम्हाला मुलांची पूर्ण पीडीएफ कधी पाठवलीच नव्हती, फक्त कोडाचा कापलेला स्क्रीनशॉट होता. का, ते त्या काउंटरवर कळलं.

युंगफ्राऊ या बर्फाच्या शिखराबद्दलही थाप होती. "पासमध्ये सगळे डोंगर येतात," हे त्याचं वाक्य अजून व्हॉट्सअॅपवर आहे. पास चालतो तो ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत. तिथून वर युंगफ्राऊयोखला, ३४५४ मीटरवर, जायला वेगळं तिकीट लागतं, पासवाल्यांना त्यात २५ टक्के सवलत. आम्ही वर न जाता रिगी या डोंगरावर गेलो. रिगीची दातेरी चाकाची गाडी १८७१ पासूनची आणि पासमध्ये पूर्ण मोफत. सासूबाईंना तीच जास्त आवडली असं मला अजून वाटतं, कारण बर्फात चालावं लागलं नाही. ग्लेशियर एक्सप्रेस या पर्यटकांच्या खास गाडीचीही अशीच मेख आहे. पास चालतो, पण आसनाचं आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात. त्यांत आरक्षण लागत नाही, देखावा तोच. हे कुठलाही एजंट आपणहून सांगणार नाही.

आणि पास घ्यायलाच हवा असंही नाही. दोनच दिवस लांब फिरणार असाल तर सेव्हर डे पास पाहा. लवकर काढला तर तो तेव्हा दिवसाला ५२ फ्रँकपासून मिळायचा. स्विस रेल्वेच्या म्हणजे एसबीबीच्या अॅपवर सुपरसेव्हर तिकिटंही असतात, पण ती ठरलेल्या गाडीपुरतीच. गाडी चुकली की तिकीट गेलं. एजंटकडून स्वस्त तिकीट घेताना ते या जातीचं आहे का, एवढं विचारा. "कुठल्याही गाडीला चालतं" असं सांगून हीच विकली जातात.

शेवटची चोरी घरी आल्यावर सापडली. हॉटेल आणि प्रवास एकत्र असल्यामुळे परदेशी पॅकेज म्हणून त्याने ५ टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर, घेतला होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच. पण तो टीसीएस आमच्या पॅनवर जमा व्हायला हवा होता आणि फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर भरलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसायला हवा होता. आमच्या सीएने पाहिलं तर तिथे शून्य. त्याची कागदोपत्री विचारणा झाल्यावर एजंटने टीसीएसएवढी रक्कम चटकन परत केली. आयकर खात्याला तो घाबरला, आम्हाला नाही.

बाकीचे पैसे अडकलेत. सगळं यूपीआयने दिलं होतं, त्यामुळे बँकेकडे कार्डासारखी हरकत घेता आली नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पण तोवर बरेच दिवस गेले होते, आणि पोलीस ठाण्यात आधी "हा तुमच्या दोघांमधला व्यवहार" हेच ऐकायला मिळालं. फाटकावरचा तो फोटो दाखवल्यावर तक्रार लिहून घेतली. ग्राहक आयोगाकडे वेगळा अर्ज केला आहे.

तुमची तिकिटं आधीच निघाली असतील आणि प्रवास पुढच्या महिन्यात असेल, तर तो सहा अक्षरी क्रमांक आजच टाकून पाहा. रद्द दिसलं तर इथे असतानाच एजंटच्या दुकानात जाऊन बसता येतं. आम्ही पॅरिसमधून लावले तेवढे सगळे फोन स्विच ऑफ होते.